मोकाशीबाईंची स्वाहिली

तिसऱ्या मजल्यावर माझी बदली झाली त्या पहिल्याच सकाळी सात नंबरच्या खोलीतल्या एका धिप्पाड माणसाने मला "दादा" अशी हाक मारली. मी मागे वळून पाहिलं. मागे कोणी नव्हतं. तो पुन्हा म्हणाला, "दादा, माजी." मी दादा नव्हते आणि माजी तर त्याहून नव्हते.

"अहो सिस्टर, त्यांना पाणी हवंय," दारातून आवाज आला. "माजी म्हणजे पाणी. आणि दादा म्हणजे बहीण. उद्या तुम्हाला मामा म्हणतील तेव्हा रागावू नका, मामा म्हणजे आई."

मी पाणी ओतता ओतता विचारलं, "आणि काका?"

"काका म्हणजे भाऊ. बाबा मात्र बाबाच. तेवढं एक नातं दोन्हीकडे जागेवर राहिलंय."

ठेंगणी मूर्ती, इस्त्रीची सुती साडी, मनगटावर नवऱ्याचं जुनं मोठं घड्याळ, खांद्याला कापडी पिशवी आणि पिशवीत आल्याच्या कोऱ्या चहाचा थर्मास. या सुलभा मोकाशी. आमच्या हॉस्पिटलात टांझानिया, केनिया अशा देशांतून बरेच रुग्ण येत. कोणाचं हृदयाचं ऑपरेशन, कोणाचं हाडाचं. त्यांतल्या पुष्कळांना इंग्रजी येत नसे आणि आम्हाला स्वाहिली येत नसे. मधे मोकाशीबाई. त्यांचं टेबल लिफ्टशेजारी होतं, पण त्या टेबलापाशी मी त्यांना क्वचितच पाहिलं.

मंगळवारी आणि शुक्रवारी, जेवणाच्या सुट्टीनंतर, चादरी ठेवायच्या खोलीत त्या आम्हा पाच-सहा सिस्टरांना स्वाहिली शिकवत. आम्हाला हवे होते कामाचे शब्द: दुखतं कुठे, गोळी घ्या, कुशीवर वळा. पहिला महिनाभर बाईंनी यातलं एकही वाक्य शिकवलं नाही. नुसतं "हबारी" शिकवलं.

"हबारी म्हणजे आपली खबर," त्या म्हणाल्या. "सकाळची काय खबर, घरची काय खबर, झोप कशी झाली, कामाचं कसं चाललंय. निदान चार प्रश्न विचारायचे. त्यांनी 'न्झुरी', म्हणजे 'छान', म्हटल्याशिवाय हातातलं यंत्र पुढे करायचं नाही."

"बाई, माणूस आयसीयूमधून आलाय. तो काय छान म्हणणार?" आमच्यातल्या एकीने विचारलं.

"म्हणतो. विचारून बघा."

"पण ब्लड प्रेशर घ्यायला उशीर होतो."

"ब्लड प्रेशर कुठे पळून जात नाही," बाई म्हणाल्या.

मी विचारून पाहिलं. सात नंबरचा तो माणूस, छातीवर हा एवढा टाका, म्हणाला, "न्झुरी." मग हसला, आणि मग हळूच, हातवारे करत म्हणाला की रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. हे त्याने आधीच्या पाळीच्या सिस्टरला सांगितलं नव्हतं.

वयाने मोठ्या माणसाला "शिकामू" म्हणायचं. अर्थ विचारला तर बाई म्हणाल्या, "तुमचे पाय धरते. त्यांनी 'मराहबा' म्हटलं की समजायचं, पाय सोडायला हरकत नाही."

मी वरोऱ्याची. पुण्यात येऊन दोन वर्षं झाली होती, तरी "मी जेवून राहिली" असं तोंडून निघालं की ड्यूटीरूममध्ये खसखस पिके. एकदा बाईंसमोरच झालं. त्यांनी हसणाऱ्यांकडे चष्म्यावरून पाहिलं आणि मला म्हणाल्या, "तुमच्या बोलण्यात काही खोट नाही, सिस्टर. ऐकणाऱ्यांना स्वारगेटच्या पुढे जायची सवय नाही, इतकंच."

मराठीत बाई अशाच होत्या. लिफ्टमनने दार लवकर लावलं तर, "अहो, आपण माणसं वर नेता की निवडता?" कँटीनमध्ये चहा गार आला तर, "हा उद्याचा का कालचा?" त्यांच्या तोंडी लागायला मोठे डॉक्टरही बिचकत. आणि त्याच बाई खोलीत शिरून स्वाहिली बोलू लागल्या की आवाज निम्म्यावर येई, शब्दांच्या मधे जागा सुटे, उजवा हात आपोआप छातीशी जाई. समोरचा माणूस बोलायचा थांबला तरी त्या लगेच बोलत नसत. वाट पाहत. मराठीत मी त्यांना कोणासाठी थांबलेलं पाहिलं नाही. मला बरेच दिवस वाटायचं, यांतल्या खऱ्या बाई कोणत्या?

त्यांची हकीकत सलग कधीच कळली नाही. थर्मासच्या झाकणातून चहा पिताना एखादा तुकडा हाती लागे. जन्म टांगा गावातला. टांगा म्हणजे टांझानियातलं समुद्रकाठचं गाव, घोडा नाही, हे त्या आधीच सांगून टाकत. वडील घायपाताच्या मळ्यावर कारकून. मळ्यावरच्या मजुरांची मुलं खेळगडी. "स्वाहिली मला कोणी शिकवली नाही. ती अंगणातच होती," त्या म्हणत. विसाव्या वर्षी लग्न होऊन पुण्याला आल्या, शनिवार पेठेत, दोन खोल्यांत सहा माणसं.

लग्नाला आठवडा झाला होता. सासूबाई विळीवर भोपळा चिरत होत्या आणि बोट कापलं. बाईंच्या तोंडून आपसूक निघून गेलं, "पोले."

सासूबाई म्हणाल्या, "अगं, पोळलं नाही, कापलंय."

ही गोष्ट सांगताना बाई स्वतः हसत नसत. आम्ही हसून झालो की म्हणत, "पोले म्हणजे, तुम्हाला लागलं ते मला दिसलं. कोणी ठेचकाळलं, दमून आलं, कोणाचं माणूस गेलं, तरी पोले. चूक कोणाची हा प्रश्नच नाही त्यात. मराठीत मी तो शब्द अजून शोधते आहे. 'अरेरे' जवळ येतं. पण 'अरेरे' म्हणून माणूस पुढे निघून जातो."

सासूबाई वाईट नव्हत्या. घरात सगळ्यांना कळेल असं बोलावं, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. बाईंनी ते ऐकलं. पुढे गच्चीवर कपडे वाळत घालताना तेवढी त्या स्वाहिली बोलत. कपडे मोजत: मोजा, म्बिली, तातू. मोजा म्हणजे एक. बोलायला समोर कोणी नव्हतं, म्हणून निदान आकडे. चव्वेचाळीस वर्षं. तेवढ्या वर्षांत सासूबाई गेल्या, मुलगा मोठा झाला, विश्रांतवाडीला फ्लॅट झाला, मोकाशी वारले.

मग बाईंचा गुडघा दुखायला लागला. एक्स-रेसाठी त्या आमच्या हॉस्पिटलात नंबर लावून बसल्या होत्या. समोरच्या बाकावर एक काळीसावळी बाई रडत होती आणि चार माणसं तिला इंग्रजीतून गप्प करत होती. ती एकच शब्द म्हणत होती, "म्वानांगू, म्वानांगू." माझं लेकरू. लेकराला आत नेलं होतं आणि कुठे नेलं ते तिला कोणी सांगितलं नव्हतं. मोकाशीबाई उठून तिच्यापाशी गेल्या. त्या बाईने त्यांचा पदर जो धरला तो लेकरू बाहेर येईपर्यंत, तीन तास सोडला नाही. एक्स-रे राहून गेला. दुसऱ्या दिवशी बाई पुन्हा आल्या, आणि पुढची आठ वर्षं येतच राहिल्या.

माझ्या हातून एक मोठी चूक झाली ती त्यांच्याकडे शिकायला लागून चौथ्या महिन्यात. मामा नीमा नावाची एक बाई पित्ताशयाच्या ऑपरेशनसाठी आली होती. नीमा ही तिची मुलगी. तिकडे आईला मुलांच्या नावाने ओळखतात. आदल्या संध्याकाळी मी तिला ऐटीत सांगितलं, उद्या "सा सिता" झाल्यावर काही खायचं नाही, प्यायचं नाही. सा म्हणजे तास, सिता म्हणजे सहा. तिने मान डोलावली. सकाळी आठला तिने पेजेची वाटी संपवली, वर चहा प्यायली. दहाला ऑपरेशन थिएटरमधून बोलावणं आलं आणि भूलतज्ज्ञांनी तिला तसंच परत पाठवलं. भरल्या पोटी भूल देणं जिवावर बेतलं असतं. सर्जन मला भर पॅसेजमध्ये बोलले. आजूबाजूला रुग्णांचे नातेवाईक, मावश्या, वॉर्डबॉय, सगळे उभे.

बाईंनी मला चादरींच्या खोलीत नेलं. "काय सांगितलंत नेमकं?"

मी सांगितलं. "सिता म्हणजे सहाच ना, बाई?"

"सहाच. पण त्यांचे सहा म्हणजे आपले बारा." त्यांनी मनगटावरचं घड्याळ काढून माझ्यापुढे धरलं. "तिकडे दिवस सूर्याबरोबर सुरू होतो. आपले सात वाजले की त्यांचा एक वाजतो. काटा जिथे आहे त्याच्या बरोबर समोरचा आकडा वाचायचा. तिने काही चुकीचं केलं नाही. बारापर्यंत मुभा आहे असंच तिला वाटलं."

मग त्या सर्जनच्या खोलीत गेल्या. दार उघडंच होतं, मला बाहेर ऐकू आलं.

"आकडे मी शिकवले आणि घड्याळ शिकवायचं राहिलं. चूक माझी आहे. सिस्टरांना जे बोललात ते आता मला बोला."

सर्जन काहीतरी पुटपुटले.

"नाही, मला ऐकायचंय," बाई म्हणाल्या. "मगाशी बरंच मोठ्याने चाललं होतं."

संध्याकाळी सर्जन पॅसेजमध्ये मला थांबवून म्हणाले, "सॉरी, सिस्टर." मामा नीमाचं ऑपरेशन दुसऱ्या दिवशी झालं, नीट झालं. शुक्रवारच्या वर्गात बाईंनी सगळ्यांची घड्याळं काढायला लावली आणि तासभर फक्त वेळ विचारली.

म्झे एलिया आले ते त्याच्या पुढच्या वर्षी. म्झे हे वडीलधाऱ्या माणसाला मानाने म्हणायचं. टांझानियातल्या मोशीजवळच्या डोंगरउतारावर त्यांची कॉफीची झाडं होती. मधुमेहाने उजवा पाय काळा पडला होता, गुडघ्याखालून काढावा लागणार होता. बरोबर पुतण्या होता, त्याला थोडं इंग्रजी येई. डॉक्टरांनी समजावलं, पुतण्याने सांगितलं, म्हाताऱ्याने मान हलवली, "सावा" म्हणाला, सही केली. बाई त्या दिवशी रजेवर होत्या. दुसऱ्या दिवशी आल्या, म्झेंपाशी पाच मिनिटं बसल्या आणि सरळ सर्जनकडे गेल्या. तेच सर्जन. मी फाईल घेऊन बरोबर होते.

"आज थांबा. त्यांनी होकार दिलेला नाही."

"मोकाशीबाई, सही आहे. ते 'सावा' म्हणाले, म्हणजे ओके."

"सावा म्हणजे 'बरं'. आपल्याकडे सून सासूला दिवसातून वीसदा 'बरं' म्हणते. त्याला आपण संमती धरतो का?"

सर्जननी घड्याळ पाहिलं. "किती वेळ हवाय?"

"ते मला कसं माहीत असणार? ते म्झेंना माहीत."

दोन तास लागले. पहिला तास कॉफीच्या झाडांचा, पावसाचा, नातवंडांचा. मी मधूनमधून सलाइन बघायला जात होते. मग कधीतरी म्हाताऱ्याने विचारलं, "माझा पाय कुठे जाईल?"

हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं, आणि कोणाच्या मनातही आलं नव्हतं. त्याच्याकडे माणसाला त्याच्याच जमिनीत पुरतात, आई-वडिलांच्या शेजारी. अंगाचा एवढा तुकडा परमुलखात कचऱ्यात जाणार असेल तर तो सगळाच मेलेला बरा, असं त्याने मनाशी ठरवलं होतं. डॉक्टरांचा अपमान नको, म्हणून सही केली होती. भूल दिल्यावर उठायचंच नाही, एवढा त्याचा बेत होता.

बाई बाहेर आल्या तेव्हा त्यांनी चष्मा पुसायला घेतला होता. त्या दिवशी त्यांनी किती फोन केले, कोणाकोणाची पत्रं मिळवली, मला माहीत नाही. संध्याकाळी त्यांनी म्झेंना सांगितलं की कॅम्पातल्या एका चर्चच्या दफनभूमीत जागा मिळाली आहे, पाद्री प्रार्थना म्हणतील, पुतण्या हजर राहील आणि त्या स्वतःही राहतील. म्हातारा म्हणाला, "हाया. कातेनी." ठीक आहे, कापा.

ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी बाईंनी त्यांना जागा सांगितली: भिंतीलगत, बुचाच्या झाडाखाली. त्यांनी विचारलं, फाटकापासून किती पावलं? बाईंनी पावलं मोजली नव्हती. त्या संध्याकाळी परत कॅम्पात गेल्या, दुखऱ्या गुडघ्याने मोजून आल्या आणि एका कागदावर नकाशा काढून दिला. मोशीला परत जाताना म्झे एलियांनी तो कागद बायबलमध्ये घालून नेला.

अशी आणखी दोनतीन वर्षं गेली. मी त्या मजल्यावर जुनी झाले. बाईंचा चहा तोच, पिशवी तीच. फक्त त्या आता रुग्णाच्या फार जवळ बसत आणि त्याच्या तोंडाकडे टक लावून बघत. मला ते प्रेमच वाटायचं.

एका सकाळी चार वर्षांच्या मुलीला घेऊन एक आई आली. पायाचं ऑपरेशन ठरलेलं. आईने तोंडाला मास्क लावला होता. डॉक्टर आधीच्या आजारांची चौकशी करत होते. आई काही बोलली आणि बाईंनी सांगितलं, "मुलीला छातीचा त्रास होतो अधूनमधून."

डॉक्टर लिहू लागले. मी ट्रेमध्ये सुई ठेवत होते. मला वेगळं ऐकू आलं होतं. छातीला किफुआ म्हणतात. ती बाई म्हणाली होती किफाफा, म्हणजे फिट्स.

इतकी वर्षं ज्यांनी शिकवलं त्यांना चारचौघांत कसं सांगायचं? डॉक्टरांचं पेन पुढच्या ओळीवर गेलं. शेवटी मी म्हणाले, "बाई, त्या किफाफा म्हणाल्या, असं मला वाटतं."

बाई माझ्याकडे वळल्या. मग त्यांनी त्या आईला मास्क खाली घ्यायला सांगून पुन्हा विचारलं. आईने उत्तर दिलं.

"सिस्टर बरोबर आहेत," बाई डॉक्टरांना म्हणाल्या. "मुलीला फिट्स येतात. मी चुकीचं सांगितलं. तेवढं खोडून नीट लिहा, आणि माझ्यासमोर लिहा."

त्यांनी त्या मुलीची पूर्ण चौकशी संपवली, आईला लिफ्टपर्यंत पोचवलं आणि मग चादरींच्या खोलीत येऊन बसल्या. मी मागोमाग गेले.

"वर्ष झालं, ज्योत्स्ना," त्या म्हणाल्या. त्यांनी मला नावाने हाक मारायची ती पहिलीच वेळ. "डावा कान गेलाच आहे. उजव्यात यंत्र घालून पाहिलं. ते आवाज मोठा करतं, पण अक्षरं एकमेकांत मिसळतात. ओठ बघून भागवत होते."

"बाई, मी शेजारी उभी राहीन. आपण दोघी मिळून—"

"आजारी माणसाला एक गोष्ट तीनदा सांगायला लावायची नाही. आणि अंदाजाने तर अजिबात बोलायचं नाही. आज तू होतीस."

त्याच दुपारी त्यांनी राजीनामा दिला. आठवडाभराची मुदत होती, ती त्यांनी माझी परीक्षा घेण्यात घालवली. रिकाम्या खोलीत खाटेवर आडव्या पडल्या आणि रुग्ण झाल्या. एक शब्द मराठी नाही. गोळी घ्यायला नकार दिला, खोटं दुखणं सांगितलं, घरच्या आठवणीने रडल्या, मला उलटसुलट प्रश्न विचारले. बोलणं ऐकू येईना म्हणून मी प्रत्येक वाक्य त्यांच्या उजव्या कानाशी ओरडत होते, आणि दारातून वॉर्डबॉय बघत होते. तासाभराने त्या उठून बसल्या, साडी नीट केली.

"पस्तीस टक्के. पास," त्या म्हणाल्या. "बाकीचे रुग्ण शिकवतील."

त्यानंतर एक दिवाळी गेल्यावर मी विश्रांतवाडीला त्यांच्याकडे गेले. वरोऱ्याच्या सरकारी दवाखान्यात मला जागा मिळाली होती, पुणं सोडायचं होतं. बाई वाळल्या होत्या. सगळं मी कागदावर लिहून सांगायचं आणि त्यांनी तोंडाने उत्तर द्यायचं, असं बोलणं झालं. मी लिहिलं, तिकडे मला स्वाहिली बोलायला कोणी मिळणार नाही. त्यांनी ते वाचलं, कागद घडी करून बाजूला ठेवला आणि म्हणाल्या, "चहा घेणार ना?"

निघताना नको नको म्हणत असताना त्या बसस्टॉपपर्यंत आल्या. आळंदी रस्त्यावर दुपारची गर्दी होती. माझी बस आली, मी चढले, खिडकीजवळ जागा मिळाली, आणि बस पुढे सरकून सिग्नलला अडकली. मागे वळून पाहिलं तर स्टॉपवर एक आफ्रिकन मुलगी उभी होती, पाठीला सॅक, बहुधा कॉलेजातली. बाई तिच्याशी काही बोलल्या. तिने चमकून पाहिलं. मग तिने काही उत्तर दिलं. बाईंनी मान हलवून नाही, नाही केलं आणि उजवा कान पुढे केला. तिने पुन्हा सांगितलं. पुन्हा नाही. मुलगी हसायला लागली. बाईंनी तिला दंडाला धरून खाली वाकवलं, तेव्हा ती गुडघ्यात वाकून, दोन्ही हातांचा आडोसा करून त्यांच्या कानाशी बोलू लागली, आणि बराच वेळ बोलत राहिली.

तेवढ्यात तिची बस आली. मुलीने बसकडे एकदा पाहिलं. दार उघडलं, माणसं उतरली, चढली, दार लागलं, बस निघाली. मुलगी चढली नाही.

मग आमचा सिग्नल सुटला.